बडोदा संस्थानातील पंचायतींपासून आजच्या ग्रामपंचायतींपर्यंत

बडोद्यातील मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की बोलणे बहुधा लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबाग आणि कलाभवन यांभोवती फिरते. संस्थानातील खेड्यांसाठी त्यांनी काय केले, याची आठवण फारशी काढली जात नाही. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात वाढलेले होते आणि १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक खातेदाराचा सारा थेट सरकारशी ठरू लागला, तसे गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याचे प्रसंग कमी होत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाने कायद्याने ग्रामपंचायती उभ्या केल्या, त्यामागे ही पोकळी भरून काढण्याचा विचार दिसतो.

या पंचायतींत काही सभासद निवडलेले, तर काही सरकारने नेमलेले असत, आणि हीच त्यांची मर्यादा होती. नेमलेल्या सभासदाचे लक्ष गावापेक्षा वहिवाटदाराच्या, म्हणजे तालुक्याच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मर्जीकडे राहणे स्वाभाविक होते. तरीही शेजारच्या इलाख्यांपेक्षा बडोद्याचा प्रयत्न वेगळा ठरतो, कारण पंचायतीच्या जोडीला शाळा होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाला, १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये निघू लागली. ज्याला ठराव वाचता येतो त्यालाच हिशेब विचारता येतो, हे येथे आधी ओळखले गेले होते, आणि माझ्या मते सयाजीरावांचे सर्वांत मोठे श्रेय हेच आहे. १९३२ मध्ये कोसंबा येथे ग्रामसुधारणा केंद्र सुरू झाले. त्या काळचे दिवाण व्ही. टी. कृष्णम्माचारी पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये गाव, तालुका व जिल्हा अशी पंचायतींची त्रिस्तरीय रचना सुचवली आणि गुजरातमध्ये ती १९६३ मध्ये अमलात आली. १९९३ मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ठरावीक मुदतीत निवडणुका आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी राखीव जागा बंधनकारक केल्या.

सभासद कोणी निवडावा, हा जुना प्रश्न मात्र गुजरात सरकारच्या २००१ पासूनच्या समरस योजनेने पुन्हा उभा केला आहे. बिनविरोध निवड करणाऱ्या गावाला यात शासनाकडून अनुदान मिळते. गावातील तंटा टाळण्याचा हेतू चांगला असला, तरी चावडीवर ज्यांना मोकळेपणाने बोलता येत नाही अशा भूमिहीन कुटुंबांना गुप्त मतदानाचाच आधार असतो, आणि बिनविरोध निवडीत नेमका तोच त्यांच्या हातून जातो.