बर्गंडीतील वाइन-आस्वाद आणि तळघरभेटी

फ्रान्सच्या पूर्व भागातील बर्गंडी (फ्रेंच नाव बुर्गोन्य) या प्रदेशात, स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतःच करणाऱ्या शेतकऱ्याच्या तळघरात जाऊन ती त्याच्यासमोर चाखण्याचा रिवाज. अशा शेतकऱ्याला तिथे ‘विन्यरों’, तळघराला ‘काव्ह’ आणि चाखण्याला ‘देग्युस्तासियाँ’ म्हणतात. उत्तम वाइन फ्रान्समध्ये इतरत्रही होते. पण बोर्दोतली भेट बहुधा एखाद्या मोठ्या वाड्याची सहल ठरते, तर बर्गंडीत पुष्कळदा ट्रॅक्टरवरून उतरलेला माणूसच हात धुऊन पेले मांडतो.

या रिवाजाचे खरे घर म्हणजे कोत दॉर ही टेकड्यांची उतरण. दिजाँ शहरापासून दक्षिणेला सांत्ने गावापर्यंत ती सुमारे ५० किमी. पसरली आहे. उत्तरेचा कोत द न्वी हा भाग मुख्यतः लाल वाइनचा. दक्षिणेच्या कोत द बोनमध्ये लाल आणि पांढरी दोन्ही होतात. नामांकित लाल वाइन पिनो न्वार या एकाच वाणाची, पांढरी शार्दोनेची. आलिगोते, गामे हे वाण आहेत, पण त्यांची पायरी खालची. १३९५ मध्ये ड्यूक फिलिप ‘धाडसी’ याने तर गामेला वाईट आणि बेइमान वाण ठरवून त्याच्या वेली उपटण्याचा हुकूम काढला होता.

वाण एकच असल्यामुळे बाटलीवर वाणाचे नाव सांगून उपयोग नाही. सांगायची असते ती जमीन. नाव असलेल्या, सीमा ठरलेल्या प्रत्येक तुकड्याला इथे ‘क्लिमा’ म्हणतात. हवामान हा त्या शब्दाचा नेहमीचा अर्थ बर्गंडीत बाजूला पडतो. २०१५ मध्ये युनेस्कोने इथल्या १,२४७ क्लिमांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पूर्वेकडे तोंड केलेल्या उतारावर मधला पट्टा सर्वांत चांगला मानतात: चुनखडी आणि चुनखडीयुक्त चिकणमाती, सकाळचे ऊन, पाण्याचा निचरा. माथ्यावर माती पातळ, तळाशी जड आणि ओलसर. शंभर पावलांवर चव बदलते हे ऐकायला अतिशयोक्त वाटते. एकाच माणसाने, एकाच वर्षी, एकाच पद्धतीने केलेले शेजारच्या दोन तुकड्यांचे दोन पेले समोर आले की शंका बरीच विरते. तळघरभेटीचे मर्म मुख्यतः या तुलनेत आहे.

जमिनीची प्रतवारी चार पायऱ्यांची: प्रादेशिक, गावाच्या नावाची, प्रम्ये क्रू आणि सर्वांत वर ग्रां क्रू. ग्रां क्रू ३३ आहेत आणि एकूण उत्पादनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. यात नवख्याला हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. गावांनी आपल्या नावापुढे आपल्याच शिवारातल्या प्रसिद्ध क्लिमाचे नाव जोडून घेतले. जव्रे गाव १८४७ मध्ये जव्रे-शांबर्तँ झाले. त्यामुळे ‘शांबर्तँ’ लिहिलेली बाटली ग्रां क्रू असते, आणि ‘जव्रे-शांबर्तँ’ लिहिलेली सहसा गावाच्या पायरीची. नाव जितके लांब, तितका मान मोठा असा समज करून घेणाऱ्याचा खिसा इथे हलका होतो.

जमिनीचे हे बारीक वाटप मठांपासून सुरू झाले. १०९८ मध्ये सितो येथे स्थापन झालेल्या मठाच्या सिस्टर्सियन साधूंनी क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा तटबंदी घालून जोपासला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात गेल्या. पुढे नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने सर्व मुलांना वारसाहक्कात सारखा वाटा दिला आणि पिढीगणिक तुकडे पडत गेले. आज एकट्या क्लो द वूजोचे मालक सुमारे ८० आहेत. मराठी वाचकाला हे समजायला सातबाऱ्यावरची नावांची रांग डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. जुने माप ‘ऊव्रे’ अजूनही बोलण्यात आहे: एक माणूस एका दिवसात कसू शकेल एवढी जमीन, म्हणजे सुमारे ४२८ चौ. मी., आपले सव्वाचार गुंठे. व्होन गावाजवळचा जगप्रसिद्ध रोमाने-काँती मळा एकाच मालकीचा, तरी क्षेत्र अवघे १.८ हेक्टर, साडेचार एकरांच्या आतबाहेर.

इतक्या थोड्या मालाची बाटली स्वतः भरणे शेतकऱ्याला परवडत नसे. तो वाइन बोन शहरातल्या व्यापाऱ्यांना पिंपांनी विकी आणि व्यापारी ती एकत्र करून आपल्या नावाने बाजारात आणीत. त्यात भेसळ वाढली. १९२० आणि ३० च्या दशकांत व्होलनेचे मार्की दांजरव्हिय, न्वी-सँ-जॉर्जचे आंरी गूज, जव्रेचे आर्मां रूसो अशा काही जणांनी व्यापाऱ्याला वळसा घालून स्वतःच्या घरी बाटल्या भरायला सुरुवात केली. १९३५ मध्ये मूळस्थान-नियंत्रणाचा, म्हणजे बाटलीवर नाव असलेल्या जागेचीच वाइन आत असावी असा, कायदाही आला. ग्राहक विन्यरोंच्या दारापर्यंत येऊ लागला त्याची मुळे या काळात आहेत. दिजाँपासून निघणारा ‘ग्रां क्रू मार्ग’ १९३७ चा, फ्रान्समधला पहिला वाइन-मार्ग.

तळघराच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदा जाणवतो तो गारवा आणि दमट वास. भिंतींवर काळी बुरशी असते आणि तिची कोणाला लाज वाटत नाही. ओकच्या लाकडाची २२८ लिटरची पिंपे (‘पिएस’) ओळीने मांडलेली असतात. एकातून साधारण ३०० बाटल्या भरतात. वरच्या भोकाचे बूच काढून विन्यरों काचेची नळी आत सोडतो, वरचे तोंड अंगठ्याने दाबून वाइन उचलतो आणि अंगठा सैल करीत प्रत्येकाच्या पेल्यात दोन-चार चमचे सोडतो. क्रम गावाच्या वाइनपासून ग्रां क्रूपर्यंत चढत जातो. पाहुण्यांना चकित करणारी गोष्ट म्हणजे पुष्कळ ठिकाणी लाल आधी आणि पांढरी नंतर देतात. इथल्या पांढऱ्या वाइनची धारदार आंबट चव आधी घेतली तर नाजूक पिनो त्यापुढे फिकी पडते.

चाखण्याची रीत साधी आहे. आधी रंग पाहायचा. मेणबत्तीच्या उजेडात तो कळावा म्हणून पूर्वी खळगे पाडलेली उथळ चांदीची वाटी, ‘तास्तव्हँ’, वापरीत. आता ती समारंभात गळ्यात दिसते. मग पेला न हलवता वास, हलवून पुन्हा वास. मग घोट घेऊन त्यावरून हवा ओढायची, म्हणजे कढीला मारतो तसा भुरका. जेवणाच्या टेबलावर फ्रेंच माणूस हे करणार नाही, तळघरात मात्र आवाज झालाच पाहिजे. कोवळ्या पिनोत चेरी, रासबेरी लागतात. पंधरा-वीस वर्षांनी त्याच वाइनला ओल्या पालापाचोळ्याचा आणि अळंब्यांचा वास येतो. शार्दोनेत लिंबू, सफरचंद, लोणी, हेझलनट. ही यादी पाठ करण्यापेक्षा आंबटपणा, तुरटपणा आणि चव तोंडात किती वेळ रेंगाळते या तीन गोष्टींकडे लक्ष देणे बरे. षड्रसांत ‘कषाय’ला मानाची जागा देणाऱ्या आपल्या जिभेला टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतल्या द्रव्याचा) तुरटपणा वेगळा शिकवावा लागत नाही.

घोट गिळायचा नसतो, बादलीत किंवा सरळ खडीच्या जमिनीवर थुंकायचा असतो. तो उद्धटपणा धरला जात नाही. सकाळभरात वीस वाइन चाखायच्या असतील तर दुसरा उपाय नाही; शिवाय गाडी चालवणाऱ्यासाठी मद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे. पेल्यात उरलेली वाइन मात्र विन्यरों पुष्कळदा परत पिंपात ओततो. उष्ट्याच्या कल्पनेत वाढलेला माणूस इथे दचकतो. पण लाकडातून वाइन सतत उडत असते, पिंपात हवेला जागा ठेवून चालत नाही, आणि तीनशे बाटल्यांच्या ग्रां क्रूत घोटही मोजला जातो.

भेट आधी वेळ ठरवूनच घ्यावी लागते. दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ. तेव्हा दार वाजवणे हा मोठा अपराध. सुगंध लावून जाऊ नये. छोट्या घरी चाखण्याचे पैसे घेत नसतील तर निघताना काही बाटल्या घेणे हा अलिखित शिष्टाचार आहे. सर्वांत नावाजलेल्या घरांची दारे सामान्य पर्यटकाला बंदच असतात; रोमाने-काँतीच्या भिंतीवर तर लोकांनी रस्त्यावरच थांबावे, मळ्यात शिरू नये अशी विनंती लिहिली आहे. याची खंत करू नये. गावाच्या पायरीची वाइन करणाऱ्या कमी प्रसिद्ध घरी माणूस जास्त बोलतो.

तोडणीच्या दिवसांत कोणालाच फुरसत नसते, आणि हे दिवस आता सरकले आहेत. बोनमधील तोडणीच्या तारखांची १३५४ ते २०१८ पर्यंतची नोंद उपलब्ध आहे: १९८८ पूर्वी तोडणी सरासरी २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई, त्यानंतर ती सुमारे १३ दिवस अलीकडे आली. वेली लवकर फुटल्यामुळे उशिराचे दहिवर (गोठलेले दव) घात करते. एप्रिल २०२१ मध्ये मळ्यांतून रात्रभर मेणबत्त्या पेटवूनही पांढऱ्या द्राक्षांचे मोठे नुकसान झाले. नाशिकच्या बागायतदाराला इथले वेळापत्रक उलटे वाटेल. त्याच्याकडे एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्याअखेर गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारी ते मार्च; इथे वेल हिवाळाभर झोपते आणि छाटणी तेव्हाच एकदा होते. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग, मात्र ओळखीचा निघेल. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या वेली मारल्या, तेव्हापासून बर्गंडीत अमेरिकी खुंटावर कलमे होतात. नाशिक-सांगलीकडे ‘डॉगरिज’ हा अमेरिकी खुंट पाण्याच्या टंचाईमुळे आणि क्षारांमुळे आला. रोमाने-काँतीने आपल्या कलम न केलेल्या वेली १९४५ पर्यंत टिकवल्या, मग उपटल्या. १९४६ ते १९५१ त्या मळ्याची वाइनच नाही.

वर्षातला मोठा सोहळा नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये असतो. १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी गरिबांसाठी स्थापलेल्या रुग्णालयाला शतकानुशतके मळे दान मिळत गेले. त्यांच्या नव्या वाइनचा पिंपावारी लिलाव १८५९ पासून होतो. जुन्या प्रथेप्रमाणे मेणबत्ती विझेपर्यंत बोली चाले. दुसऱ्या दिवशी मर्सो गावात ‘पोले’ नावाचे जेवण होते. तोडणी संपल्यावर मजुरांना दिल्या जाणाऱ्या जेवणाची ही १९२३ मध्ये पुन्हा सुरू केलेली परंपरा. जो तो आपली बाटली आणतो आणि शेजाऱ्याच्या पेल्यात ओततो.

चाखण्याच्या कलेलाही मर्यादा आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’ या ग्रां क्रूच्या १९४५ ते १९७१ सालांच्या बाटल्या आल्या. त्या पुरवणाऱ्या रूडी कुर्नियावानच्या वाइन कसलेल्या रसिकांनी वर्षानुवर्षे चाखून वाखाणल्या होत्या. विन्यरों लोराँ पाँसो विमानाने तिथे पोहोचले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. त्यासाठी त्यांना घोटही घ्यावा लागला नाही. त्यांच्या घराने ती वाइन पहिल्यांदा केली होती १९८२ मध्ये. बनावट वाइन विकून फसवल्याबद्दल कुर्नियावान २०१३ मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.