त्सॉइगल
त्सॉइगल ही जर्मनीत बव्हेरियाच्या ओबरफाल्ट्स भागातली, चेक सीमेजवळच्या छोट्या गावांमधली बिअर, आणि ती बनवायची-विकायची सगळी पद्धतही याच नावात येते. आता क्राफ्ट बिअर म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईतले चकाचक ब्रूपब आठवतात, पण इथे कंपनी नाही की ब्रँड नाही, एक सामाईक ब्रुअरी असते आणि तिथे आलटून पालटून गावातलीच घरं बिअर बनवतात. अशी चालू ब्रुअरी आता पाचच गावांत उरलीय: विंडिशएशेनबाख, नॉयहाउस, फाल्केनबेर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न.

ब्रूइंगचा, म्हणजे बिअर बनवायचा हक्क माणसाला नसून घराला असतो. नॉयहाउसला तो 1415 मधे मिळाला, विंडिशएशेनबाखला 1455 मधे. म्हणजे घर विकलं की हक्कही नव्या मालकाकडे जातो, बनवायची की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं, आणि बऱ्याच घरांनी कधीच सोडून दिलंय.

ज्याची पाळी तो आपलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घेऊन ब्रुअरीत येतो आणि वापराचे पैसे भरतो, याला केसेलगेल्ड म्हणतात, म्हणजे कढईचं भाडंच. माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड रस काढायचा, तो हॉप्स घालून मोठ्या कढईत तासन्‌तास उकळायचा, खाली जाळ बहुतेक ठिकाणी अजून लाकडाचाच. मग तो रस एका उथळ, पसरट, उघड्या टाकीत रात्रभर गार होतो आणि सकाळी टँकरमधे भरून ट्रॅक्टरला जोडून घरी नेतात. इथवर सगळ्यांचं सारखं, पण यीस्ट घालायचं, फर्मेंट करायचं आणि नंतर काही आठवडे थंडीत मुरवायचं हे ज्याच्या त्याच्या तळघरात, त्यामुळे एकाच ब्रुअरीतून निघून पण प्रत्येक घरची चव वेगळी लागते, आणि कुणाची भारी यावर गावात वाद चालूच असतात. बिअर लागरच्या जातीची, म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेली, आणि फिल्टर न केलेली, म्हणून जराशी गढूळ.

विक्रीही पाळीनेच. कुणाचं घर कधी उघडं याचं कॅलेंडर निघतं, साधारण महिन्यातून एकदा एखाद्या घराचा नंबर लागतो, तोही बहुतेक शुक्रवार ते सोमवार. खोलीत लांब टेबलं, ओळख असो नसो शेजारी सरकून बसायचं, सोबत घरचं सॉसेज, थंड मांस, चीज, ब्रेड. वाढायला घरचीच माणसं, आणि दर हॉटेलपेक्षा बरेच कमी. माझ्या मते खरी गंमत या कॅलेंडरमधेच आहे, कारण सगळे एकाच दिवशी उघडले असते तर एकमेकांचं गिऱ्हाईक तोडत बसले असते, इथे आज विकणारा पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याकडे पीत बसलेला दिसतो.

बिअर तयार आहे हे कळावं म्हणून घराबाहेर सहा टोकांचा तारा टांगतात. एका त्रिकोणात आग, पाणी, हवा आणि दुसऱ्यात पाणी, माल्ट, हॉप्स असा त्याचा अर्थ सांगतात. दिसायला ज्यू धर्माच्या ताऱ्यासारखाच, पण हा ब्रूअर लोकांचा जुना धंद्याचा शिक्का आहे, न्यूर्नबेर्गमधल्या साधारण 1425 च्या एका चित्रात बिअर बनवणाऱ्याच्या डोक्यावर तो दिसतो.

2018 मधे ही परंपरा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. नाव मात्र कायद्याने राखीव नाही, त्यामुळे मोठ्या ब्रुअऱ्याही बाटलीवर बिनधास्त त्सॉइगल छापतात. यावर उपाय म्हणून सामाईक ब्रुअरीत बनवणाऱ्या घरांनी एकत्र येऊन 'खरा त्सॉइगल' असं वेगळं चिन्ह काढलंय, ते दारावर दिसलं तर बिअर गावच्या कढईतली.