खोडदची दुर्बीण कोण चालवतं? जीएमआरटीच्या कारभाराची पार्श्वभूमी

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूर पसरलेल्या; एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. या आकड्यांबद्दल आपल्याकडे बरंच छापून येतं. रात्रंदिवस ही दुर्बीण चालती ठेवणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्यांच्या कामाची घडी कशी बसली हे समजून घ्यायचं तर आधी कल्याणला जावं लागतं.

१९६१ मध्ये परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, मायदेशी परतून हे शास्त्र इथे उभं करायची आमची तयारी आहे, असं कळवलं. होमी भाभांनी तो प्रस्ताव उचलून धरला आणि त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्या, प्रत्येकी जेमतेम १.८ मीटरची, कल्याणजवळ उभारल्या गेल्या. १९६५ पासून त्यांच्यावरून सूर्याची निरीक्षणं होऊ लागली. नुकतीच पदवी घेतलेली मुलं तिथे रिसीव्हर, म्हणजे संकेत पकडणारी यंत्रं, जोडायला, बिघाड शोधायला आणि आलेल्या नोंदी वाचायला एकदमच शिकली.

पुढची पायरी उटीची. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी ती दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी नेमका असा डोंगरउतार शोधला होता की दुर्बिणीचा लांबीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर यावा. त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्यांचा माग घेता येतो. आखणी, बांधणी आणि निरीक्षण ही सगळी कामं एकाच गटाच्या हातात राहिली. खोडदच्या कारभाराचं मूळ मला इथे दिसतं.

जीएमआरटीची कल्पना १९८०च्या दशकातली. जागा खोडदची ठरली, कारण भोवती डोंगरांचा आडोसा, रेडिओ गोंगाट कमी आणि पुण्याचे कारखाने हाकेच्या अंतरावर. ४५ मीटरची भरीव तबकडी परवडणारी नव्हती. म्हणून दोरांच्या चौकटीवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणून परावर्तक बनवायची युक्ती स्वरूप यांच्या गटाने काढली. मीटरभर लांबीच्या लहरींना अशी जाळी पुरते आणि वारा तिच्यातून आरपार जातो. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

जे स्वतः बांधलं, ते स्वतःच सांभाळायचं. म्हणून इथले विभाग आकाशातून आलेल्या संकेताच्या वाटेनेच पडलेले दिसतात. जाळी आणि सांगाडा मेकॅनिकलवाल्यांकडे. अँटेना फिरवणाऱ्या मोटरी सर्वो गटाकडे. तबकडीच्या केंद्रबिंदूवरचे रिसीव्हर एका गटाकडे, तिथून संकेत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबर केबल दुसऱ्याकडे आणि तीसही अँटेनांचे संकेत एकमेकांशी पडताळणारी संगणकयंत्रणा तिसऱ्याकडे. शिवाय वीज, बांधकाम, संगणक आहेतच. प्रशासन आणि बहुतेक शास्त्रज्ञ पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या, टाटा संस्थेच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात असतात.

नियंत्रण कक्षात ऑपरेटर पाळ्यांमध्ये बसतात. रेडिओ दुर्बिणीला दिवस-रात्र सारखेच, त्यामुळे कक्ष कधी रिकामा नसतो. निरीक्षण कुणाचंही असो, अँटेना प्रत्यक्ष हलवतो तो ऑपरेटर. जोराचा वारा सुटला की निरीक्षण थांबवून सगळ्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या करायच्या, हेही त्याचंच काम. शोधनिबंधावर त्याचं नाव क्वचितच येतं. ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कुणाला किती वेळ द्यायचा हे वेळवाटप समिती ठरवते. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, तज्ज्ञ ते तपासतात आणि मागणी नेहमीच उपलब्ध तासांहून जास्त असते. दुर्बीण बांधणाऱ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनाही याच रांगेत उभं राहावं लागतं. आकाशात अचानक एखाद्या ताऱ्याचा स्फोट वगैरे झाला, तर त्यासाठी आयत्या वेळच्या विनंतीची वेगळी वाट ठेवली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये शियापरेली हे युरोपीय यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदला ऐकला गेला, तो अशाच खास व्यवस्थेतून.

एका गटाचं काम मात्र अँटेनांच्या बाहेर, गावागावांत चालतं: रेडिओ गोंगाट शोधण्याचं. सैल झालेल्या वीजतारेतली ठिणगी, नवा मोबाइल टॉवर, एखादं सदोष उपकरण, यांतलं काहीही आकाशातल्या संकेतापेक्षा कितीतरी पट मोठं ऐकू येतं. २०१०च्या दशकात जुने रिसीव्हर बदलून रुंद पट्ट्याचे बसवले, तसं हे काम आणखी वाढलं, कारण आता वारंवारितेच्या अधिक मोठ्या भागात कान लावलेला असतो. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेण्याला याच कारणाने हरकत आली आणि आखणीचा फेरविचार करावा लागला. तालुक्यातल्या लोकांची रेल्वेची मागणी रास्त आहे. पण अँटेना उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, रूळ वळवता येतात.