खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाची किफायतशीर प्रकाशयोजना

समुद्री मासे, प्रवाळ, समुद्रफुले, शिंपले व शैवले ठेवलेल्या घरगुती टाकीसाठी प्रकाशाची तीव्रता, त्याचा रंग आणि दिवे चालू ठेवण्याचा कालावधी ठरवून केलेली दिव्यांची योजना. अशा मत्स्यालयाच्या खर्चात दिव्यांचा वाटा मोठा असतो. तो खरेदीच्या वेळी भरावा लागतो आणि पुढे विजेच्या बिलातून व जुन्या नळ्या बदलण्यातून वर्षानुवर्षे भरत राहावा लागतो. म्हणून दिव्याचा किफायतशीरपणा दुकानातील किमतीवरून ठरत नाही. टाकीतील जिवांना खरोखर उपयोगी पडणारा प्रकाश पाच-सात वर्षांच्या हिशेबात किती खर्चाने मिळतो, यावरून तो ठरतो.

टाकीत फक्त मासे असतील, तर दिव्याचे काम ते नीट दिसावेत आणि त्यांना दिवस-रात्रीचा क्रम मिळावा एवढेच असते. साधी पांढरी एलईडी पट्टी त्याला पुरते. अशा टाकीवर प्रखर दिवा बसवला, तर वीज वाया जाऊन वर काचा व दगड शेवाळाने भरतात. प्रवाळांची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक लोकप्रिय प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझॅन्थेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळाला देतात. अनेक समुद्रफुले आणि ट्रायडॅक्ना वंशातील मोठे शिंपले यांचाही निर्वाह याच सहजीवनावर चालतो. मात्र सगळेच प्रवाळ प्रकाशावर जगत नाहीत. ट्युबॅस्ट्रिया या भडक केशरी प्रवाळात ही शैवले नसतात. त्याला दिव्याची गरज नाही, पण नियमित खाद्य भरवावे लागते. ते कष्ट पाहता हा पर्याय स्वस्त म्हणता येत नाही.

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते, तर निळा प्रकाश खोलवर पोहोचतो. झूझॅन्थेलींमधील हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे रंजकद्रव्य मुख्यतः ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश टिपतात, हे या परिस्थितीशी सुसंगतच आहे. दिव्याच्या वेष्टनावर ठळक छापलेला ल्यूमेनचा आकडा मात्र माणसाच्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेला असतो आणि ती ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक असते. त्यामुळे प्रवाळासाठी उत्तम असलेला निळा दिवा ल्यूमेनमध्ये कमकुवत दिसतो. केल्व्हिनमध्ये दिलेले रंगतापमान एवढेच सांगते की प्रकाश डोळ्याला किती निळसर भासेल: ६,५०० केल्व्हिनचा दिवा दुपारच्या उजेडासारखा, तर २०,००० केल्व्हिनचा गडद निळा दिसतो. खरा उपयोगी आकडा ‘पार’ हा होय. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटर पृष्ठावर पडतात, ते तो मायक्रोमोलमध्ये सांगतो. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार, मोठ्या पॉलिपांच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतील एकेक जीव) कठीण प्रवाळांना ७५ ते २०० आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या प्रवाळांना २०० ते ४०० पार दिला जातो. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर सुमारे २,००० पार असतो. पण टाकीत त्याची नक्कल करण्याचे कारण नाही. ठरावीक मर्यादेनंतर प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढत नाही आणि पुढे जादा प्रकाशाने ऊतींना इजा होते. ‘दर लिटरला इतके वॅट’ हा जुना आडाखा नळ्यांच्या काळातला आहे. वॅट हे विजेच्या वापराचे माप असल्याने निरनिराळ्या तंत्रांच्या दिव्यांना तो सरसकट लावता येत नाही.

मेटल हॅलाइड, म्हणजे धातूंच्या क्षारांच्या तप्त वाफेतून प्रकाश देणाऱ्या प्रखर दिव्यांचा प्रकाश खोल पाण्यापर्यंत जोरदार पोहोचतो आणि तळावर लाटांच्या हलत्या सावल्या पाडतो. मात्र १५०, २५० किंवा ४०० वॅटचे हे दिवे पाणी तापवतात. प्रवाळांची टाकी सामान्यतः २४ ते २७ अंश सेल्सियसच्या आत ठेवायची असल्याने अनेकदा पाणी थंड करणारे यंत्र घ्यावे लागते, आणि त्या यंत्राची वीजही दिव्याच्याच खात्यात मांडली पाहिजे. आज नव्याने हे दिवे घेण्यास आर्थिक कारण उरलेले नाही.

टी-५ या फ्लुरोसंट नळ्या १६ मिलिमीटर व्यासाच्या असतात. प्रत्येक नळीमागे स्वतंत्र परावर्तक असेल, तर त्यांचा प्रकाश टाकीभर समान पसरतो आणि प्रवाळांच्या फांद्यांखाली गडद सावली पडत नाही. या बाबतीत त्या अजूनही सरस आहेत. त्यांचा दोष असा, की नळी दिसायला पूर्वीइतकीच उजळ वाटत असताना तिचा उपयोगी प्रकाश घटत जातो आणि रंग बदलतो, म्हणून ती ९ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते. त्यांतील पाऱ्यामुळे अशा नळ्यांवर जगभर निर्बंध येत आहेत. युरोपीय संघात सर्वसाधारण वापराच्या टी-५ व त्यांहून जाड टी-८ नळ्या नव्याने बाजारात आणणे ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले. नळ्या बसवण्याचा जुना संच स्वस्तात मिळत असला, तरी त्याला लागणाऱ्या नळ्या पुढची काही वर्षे मिळत राहतील का, हे आधी पाहावे.

एलईडी दिव्यांनी हे चित्र बदलले. तेजस्वी निळ्या एलईडीचा शोध १९९० च्या दशकात व्यवहारात आला आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रवाळाला हवा असलेलाच रंग कमी विजेत निर्माण करणे त्यामुळे शक्य झाले. १२० सेंटिमीटर लांबीच्या टाकीचे उदाहरण घेतले, तर २५० वॅटचे दोन हॅलाइड दिवे रोज आठ तास जाळल्यास वर्षाला १,४६० युनिट वीज लागते. ५४ वॅटच्या चार टी-५ नळ्यांना रोज दहा तासांसाठी सुमारे ७९० युनिट, तर १५० वॅटच्या एलईडी संचाला तेवढ्याच तासांसाठी सुमारे ५५० युनिट लागतात. म्हणजे हॅलाइड सोडून एलईडी घेतल्यास फायदा विजेतच स्पष्ट दिसतो. टी-५ च्या तुलनेत मात्र विजेची बचत माफक असते आणि खरा फरक पाच वर्षांत बदलाव्या लागणाऱ्या वीस नळ्यांचा पडतो. एलईडीची जादा किंमत भागिले वर्षाची एकूण बचत, हा साधा भागाकार किती वर्षांत पैसे वसूल होतील ते सांगतो.

एलईडीच्या जाहिरातीतील ५०,००० तासांच्या आयुष्याकडे सावधपणे पाहावे. हा आकडा बहुधा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो आणि रोज दहा तासांनी तो तेरा वर्षांहून अधिक होतो. परंतु खारट बाष्पात पंखा आणि वीजपुरवठ्याचे मंडल त्याच्या कितीतरी आधी बंद पडतात. हे भाग सुटे मिळणारा मध्यम दर्जाचा संच बंदिस्त महागड्या संचापेक्षा शहाणपणाचा ठरतो. भिंगाचा कोनही तपासावा. अरुंद कोनाचे भिंग मधोमध प्रचंड पार दाखवते, पण कडा अंधाऱ्या राहतात. रुंद टाकीवर एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे अंतरावर लावल्यास तेवढ्याच वॅटमध्ये प्रकाश अधिक समान मिळतो. ॲपवरून वीजचमक व ढग दाखवणाऱ्या सोयींचे पैसे माणसाच्या करमणुकीचे असतात. गडद निळ्या प्रकाशात प्रवाळांची प्रथिने चमकतात, ती हौसही बरीचशी पाहणाऱ्याचीच. तीत गैर काही नाही, फक्त तिचा खर्च प्रवाळाच्या नावावर दाखवू नये.

सर्वांत मोठी बचत खरे तर टाकी निवडताना होते. ४५ सेंटिमीटर खोलीच्या टाकीला ६० सेंटिमीटरच्या टाकीपेक्षा कमी ताकदीचा दिवा चालतो. टाकी आधीच खोल असेल, तर प्रकाशप्रिय प्रवाळ वरच्या दगडांवर आणि डिस्कोसोमासारखे सावलीत रमणारे जीव तळाशी ठेवून तेच साधते. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये पाण्याला पिवळट करतात आणि नेमका निळा प्रकाश अडवतात, त्यामुळे सक्रिय कोळसा वेळेवर बदलणे आणि दिव्याच्या काचेवरील क्षाराचा थर पुसणे यांनी नवा दिवा न घेताही प्रकाश वाढतो. मोजण्यासाठी पार मीटर विकत घेण्यापेक्षा एका दिवसासाठी उसना किंवा भाड्याने आणणे पुरे होते. जुने संवेदक निळा प्रकाश कमी मोजतात, एवढे ध्यानात ठेवावे.

नवा दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेने लावू नये. सवय नसलेले प्रवाळ अचानक वाढलेल्या प्रकाशात आपली झूझॅन्थेली गमावून पांढरे पडतात, आणि एखाद्या चांगल्या प्रवाळाची किंमत दिव्यावर केलेली सगळी बचत गिळू शकते. निम्म्या किंवा त्याहून कमी तीव्रतेने सुरुवात करून ती काही आठवड्यांत वाढवावी. उलट प्रवाळ तपकिरी होत चालले, तर बहुधा प्रकाश कमी पडत असतो. पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट वाढल्यानेही असे होत असल्याने दिवा बदलण्याआधी पाणी तपासावे. टायमरवर आठ ते दहा तासांचा दिवस पुरेसा असतो.

मुख्य टाकीला जोडलेल्या शैवल-कुंडीत कीटोमॉर्फा नावाचे हिरवे शैवल वाढवून नायट्रेट कमी करण्याची पद्धत आहे. तेथे निळ्या दिव्याचा आग्रह नको. रोपांसाठी विकला जाणारा साधा तांबडा-पांढरा एलईडी दिवा उत्तम काम करतो. तो मुख्य दिवे बंद असताना रात्री लावतात, कारण त्यामुळे रात्री पाण्याचा सामू (पीएच) फारसा घसरत नाही आणि रात्रीच्या विजेचा दर कमी असेल तेथे त्याचाही लाभ मिळतो.