हरिनाम सप्ताह आणि कर्जाचा हप्ता

गावात हरिनाम सप्ताह बसतो आणि दर महिन्याला कर्जाचा हप्ता भरावा लागतो. या दोन्ही शब्दांच्या पोटात एकच आकडा आहे : सात. ‘सप्ताह’ संस्कृतातून आला, ‘हप्ता’ फारसीतून. एकात स, दुसऱ्यात ह. असं का झालं, हे कळायला पारशी धर्मग्रंथाच्या, म्हणजे अवेस्ताच्या भाषेकडे जावं लागतं.

अवेस्ताची भाषा फारसीची आई नव्हे, मावशी. पण ती आणि वैदिक संस्कृत या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एकाच भाषेच्या दोन शाखा आहेत. वेगळ्या झाल्यावर इराणी शाखेत स्वरापूर्वीचा स सैल पडून ह झाला : सप्तचं हप्त, सोमचं हओम, असुरचं अहुर, सिंधूचं हिंदू. पुढे त आला की मात्र स जागचा हलला नाही. ‘आहे’ या अर्थाचं ‘अस्ति’ दोन्हीकडे अस्तिच. ध्वनिबदल असे नियमाने होतात, म्हणून तर भाषाशास्त्र हे शास्त्र.

दुसरा नियम मला फार आवडतो. संस्कृतात जिथे ह आहे, तिथे अवेस्तात पुष्कळदा आपल्या ‘बाजू’मधला ज येतो. किंबहुना ‘बाजू’ हेच त्याचं उदाहरण : संस्कृत बाहु, अवेस्ता बाजु, फारसी बाजू. आपण दंडाला बाहू म्हणतो आणि रस्त्याच्या कडेला बाजू, शब्द मुळात एकच. तसंच हिरण्य म्हणजे सोनं; अवेस्तात ते जरन्य, फारसीत जर. त्यावरून आली जरी. पैठणीच्या पदरावर हिरण्यच चमकत असतं.

हे साम्य सुट्या शब्दांपुरतं नाही. अवेस्तातल्या मिथ्र देवतेच्या स्तोत्रातली ही ओळ मोठ्याने म्हणून पाहा :

तॅम अमवन्तॅम यजतॅम सूरॅम दामोहु सॅविश्तॅम मिथ्रॅम यजाइ जओथ्राब्यो.

ध्वनींचे नियम लावून अमेरिकन अभ्यासक जॅक्सन यांनी १८९२मध्ये तिचं संस्कृत केलं :

तम् अमवन्तं यजतं शूरं धामसु शविष्ठं मित्रं यजै होत्राभ्यः.

बलवान, पूजनीय, सृष्टीत सर्वांत सामर्थ्यवान अशा मित्राला मी आहुतींनी पूजतो. वाक्याचा एकही सांधा हलवावा लागला नाही! अर्थ मात्र कधी कधी पार उलटला : आपला देव तिकडे ‘दएव’ होऊन दुष्ट ठरला.

पारशी धर्माचा प्रेषित जरथुष्ट्र याच्या मानल्या जाणाऱ्या सतरा गाथा, म्हणजे स्तोत्रं, हा अवेस्ताचा सर्वांत जुना भाग. हजाराहून अधिक वर्षं त्या केवळ पाठांतरावर टिकल्या. इराणच्या सासानी राजांच्या काळात (इ.स. तिसरं ते सातवं शतक) लिहून ठेवायची वेळ आली, तेव्हा त्या काळच्या फारसीची पहलवी लिपी अपुरी पडली. तिच्यात एकच आकार तीन-चार उच्चारांसाठी चालायचा. म्हणून खास नवी लिपी घडवली गेली. तिच्यात पन्नासहून अधिक चिन्हं आहेत, नुसत्या श-सारख्या ध्वनींसाठी तीन. उच्चार चुकला तर मंत्र वाया, ही काळजी घेणाऱ्यांनी नकळत आपल्यासाठी उत्तम ध्वनिशास्त्र जपलं.

या अभ्यासाचा एक धागा पुण्यातून जातो. जर्मन पंडित मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पूना कॉलेजात संस्कृत शिकवत. गाथांची भाषा उरलेल्या अवेस्तापेक्षा जुनी आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. त्यांचं पुस्तक १८६२ साली मुंबईत छापलं गेलं.

पारशी घरांत आजही मुलांना सुरुवातीला शिकवतात ती ‘अशेम वोहू’ ही अवघ्या बारा शब्दांची प्रार्थना. तिची सुरुवात आहे ‘अशॅम वोहू वहिश्तॅम अस्ती’. अश म्हणजे आपलं वैदिक ऋत, सत्य आणि विश्वाचा नियम; वोहू म्हणजे वसु, चांगलं. आणि ‘वहिश्त’, सर्वांत चांगलं, याचं संस्कृत रूप आपल्याला एका ऋषीच्या नावात भेटतं : वसिष्ठ.