मायावतीच्या क्ष-किरणांना ग्रहण का लागेना?

ययाती तारकासमूहातला मायावती, म्हणजे अल्गॉल, दर 2.867 दिवसांनी 2.1 प्रतीवरून 3.4 प्रतीपर्यंत मंदावतो (प्रतीचा आकडा वाढला की तेज घटते). कारण हा जोडतारा आहे: एक तप्त बी प्रकारचा आणि एक थंड के प्रकारचा तारा एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकतात. हा आवर्तकाळ खगोल-अभ्यासक जॉन गुडरिकने 1783 मध्येच मांडला होता. मायावतीकडून येणाऱ्या क्ष-किरणांची गोष्ट मात्र 1975 मध्ये, एसएएस-3 या क्ष-किरण उपग्रहापासून सुरू होते.

हे किरण कुठून येतात, याच्या उत्तरात सुरुवातीला भर वायूच्या प्रवाहावर होता: थंड के तारा वायू सोडतो, तो तप्त बी ताऱ्यावर आदळून तापतो. 1980 मध्ये अवकाशातल्या आइन्स्टाईन क्ष-किरण वेधशाळेच्या वर्णपटाने पारडे फिरवले. कोट्यवधी अंश तापमानाचा तो वायू आरएस श्वानी (RS CVn) या चुंबकीयदृष्ट्या सक्रिय प्रकारच्या जोडताऱ्यांच्या कोरोनासारखा, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या अतितप्त बाह्य वातावरणासारखा निघाला. कारणही पटण्यासारखे आहे. भरती-ओहोटीच्या बलामुळे के तारा कक्षेच्याच गतीने, 2.867 दिवसांत स्वतःभोवती फिरतो. सूर्याला त्यासाठी सुमारे 25 दिवस लागतात. त्यात बाहेरचा थर खोलवर घुसळत असल्याने चुंबकीय क्षेत्र प्रबळ होते. बी ताऱ्याला असा थर नाही.

मग क्ष-किरण के ताऱ्याच्या कोरोनातून येत असतील, तर बी तारा पुढे आल्यावर, म्हणजे दुय्यम ग्रहणात, क्ष-किरण घटायला हवेत. हे तपासणे अवघड होते. पृथ्वीलगतचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो आणि दर फेरीत पृथ्वी आड येते, त्यामुळे प्रकाशवक्राचे तुकडे पडतात. त्यातच एखादी ज्वाला (ताऱ्यावरचा अचानक होणारा स्फोटक उद्रेक) ओसरत असली, तर तो उतार ग्रहणाचा वाटतो. एक्सोसॅट या क्ष-किरण उपग्रहाची कक्षा सुमारे 90 तासांची, लांबट होती. त्याने 1983 मध्ये मायावतीवर सलग 35 तास नजर ठेवली, तरी ठळक ग्रहण दिसले नाही. कोरोनाची उंची ताऱ्याच्या त्रिज्येइतकी किंवा त्याहून जास्त असावी, असा अर्थ लावला गेला.

उत्तर मुकुट तारकासमूहातल्या अल्फेक्का या जोडताऱ्याने उलट टोक दाखवले. 17.36 दिवसांच्या या जोडीत ए तारा सूर्यासारख्या जी ताऱ्याला पूर्ण झाकतो. रोसॅट या क्ष-किरण उपग्रहाच्या वेधांत त्या वेळी क्ष-किरण पार मावळले. म्हणजे ए ताऱ्याचा स्वतःचा वाटा नगण्य, आणि जी ताऱ्याचा कोरोना आटोपशीर.

मायावतीबाबतचा सर्वांत मोलाचा वेध ऑगस्ट 1997 मधला, बेपोसॅक्स या क्ष-किरण उपग्रहाचा. एक प्रचंड ज्वाला भडकलेली असतानाच दुय्यम ग्रहण लागले. ज्वालेचा प्रकाश पूर्ण गेला आणि परत आला, नेहमीचा क्ष-किरण प्रकाश मात्र टिकून राहिला. झाकण्या-उघडण्याच्या वेळांवरून ज्वालेची जागा के ताऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ ठरली, आणि उंची ताऱ्याच्या त्रिज्येच्या जास्तीत जास्त 0.6 पट.