बोर्डाचे ८५ आणि सीईटीचे ८५

निकालाच्या संध्याकाळी एक पालक पेढे घेऊन आले. "काय ओ सर, बोर्डाला ८५, सीईटीलाबी ८५. जमलं की!" पेढा तोंडात होता, म्हणून लगेच काही बोललो नाही.

बोर्डाचे ८५ हे टक्के. शंभरातले ८५ गुण मिळाले, बाकीच्यांनी काय दिवे लावले त्याच्याशी संबंध नाही. सीईटीचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे, ८५ हे पर्सेंटाइल. म्हणजे त्या सत्रात बसलेल्या दर १०० मुलांत ८५ जणांचे गुण तुमच्या पोराइतके किंवा त्याहून कमी. उरलेले १५ पुढे. लाखभर मुलं धरली तर १५ हजार पुढे! पेपर किती सुटला, हे या आकड्यावरून कळतच नाही.

याच्या उलटही होतं. क्लासमध्ये ६० मुलांची सराव परीक्षा घेतली, पेपर मुद्दाम कडक काढला. पहिल्या आलेल्या मुलीला २०० पैकी १०४. टक्के ५२, पर्सेंटाइल १००. तिसऱ्या मुलाला धरून त्याच्याइतके किंवा कमी गुण असलेले ५८ जण. ५८ भागिले ६०, गुणिले १००, झाले ९६.६७. मुलीचे वडील कारखान्यातून थेट आले होते, अंगावर सुताचा कापूस तसाच. ५२ बघून त्यांचा चेहरा उतरला. पोरगी पहिली आलीय, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

एवढा खटाटोप कशाला? सीईटी अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. सकाळचा अवघड, दुपारचा सोपा निघाला तर नुसते गुण बघून सकाळच्यांचं नुकसान. म्हणून तुलना आपल्याच सत्रातल्या मुलांशी.

अभ्यासात हा फरक चांगलाच जाणवतो. मधल्या गर्दीत चार-पाच गुण वाढले तरी पर्सेंटाइल भराभर चढतं. वर गेल्यावर अर्ध्या पर्सेंटाइलसाठी घाम निघतो. ९९ साठी १९८ गुण लागत नाहीत, बरेच कमी पुरतात. त्यामुळे पन्नाशी-साठीतल्या पोराला अवघड धड्यांत रुतवू नये, येणारं पक्कं करून घ्यावं. पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित गटाला, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न एकेका गुणाचे, वेळ तेवढीच. चुकल्याला गुण कापत नाहीत, तरी मुलं प्रश्न कोरे सोडतात. याचा मला भारी राग येतो. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, इथे फक्त उत्तराला.

बोर्ड सोडून मात्र चालत नाही. इंजिनिअरिंगला खुल्या वर्गासाठी ठरलेल्या विषयांत बारावीला ४५ टक्के लागतातच, राखीवला ४०. तो उंबरठा ओलांडला की सीईटीच्या गुणवत्ता यादीत चालतं ते पर्सेंटाइल.

पेढेवाल्यांचा पुढचा प्रश्न, "मग वालचंद कॉलेजला कॉम्प्युटर ब्रँच मिळंल का?" त्यांना आदल्या वर्षीची कटऑफ यादी, म्हणजे शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याची यादी, काढून दिली. तिच्यातले आकडे पर्सेंटाइलचे असतात. आता धाकट्यासाठी ते सराव परीक्षांची वही ठेवतात. तिच्यात दोन रकाने आखलेत. गुणांचा भरतात, पर्सेंटाइलचा मी कोराच ठेवायला सांगितलाय. ६० मुलांतलं पर्सेंटाइल लाखांत टिकत नाही.